अहमद हज्जींच्या पुस्तकातल्या चुका

८ सप्टेंबर, रविवार

आजपासून मी एका रिटायर्ड हेराचं इंग्रजी सुधारते. बावीस वर्षं इथे आखातात, मनाम्यातल्या इन्शुरन्स ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं तपासली. मार्चमध्ये त्यांनी ते काम कॉम्प्युटरला शिकवलं आणि मला फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. मग सहा महिने नवऱ्याच्या, फारुखच्या चुका काढल्या. तो बिचारा स्टोअरकीपर, त्याच्या अशा कितीशा काढणार! शेवटी कंटाळून त्यानेच हे काम शोधून आणलं, आणि आणल्यावर सतरा वेळा बजावलं, "जुबैदा, टाईप करायचं आणि यायचं. तोंड घरी ठेवून जा." या माणसाचा अख्खा जन्म घाबरण्यात गेला.

म्हाताऱ्याचं नाव अहमद. वय ऐंशी. बुदैयाला जुना बंगला, मागे खजुरीची चार झाडं. सगळे हज्जी म्हणतात, म्हणून तोंडावर मीही हज्जीच म्हणते. चाळीस वर्षं इथल्या गुप्तचर खात्यात काढली आणि आता खात्याचा इतिहास लिहायचाय. तोही इंग्रजीत, कारण त्याचे पहिले साहेब इंग्रज होते. इंग्रजी असं की वाचताना दात दुखतात. हिंदी मात्र फर्डं, जुने सिनेमे बघून शिकलेलं. मला तो 'उम्म मेहरीन' म्हणतो, म्हणजे मेहरीनची आई. इथे आदराने असंच हाक मारतात. माझी मेहरीन दुबईहून मला महिन्यातून दोनदा इंग्रजीत फोन करते, तिला हे सांगितलं तर हसेल.

सोडायला कैलास होता. राजापूरचा, नईम मोहल्ल्यातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्याला चौघांच्या खोलीत राहतो. गॅरेजची गाडी चालवतो आणि रोज बुदैयाच्याच रस्त्याने जातो. अर्धा तास बायकोचं पुराण ऐकवलं. अकरा वर्षांनी फॅमिली व्हिसा मिळालाय. मृणाली आणि पोरगी श्रेया २८ ऑक्टोबरला येणार. पोरगी सहा महिन्यांची असताना हा इकडे आला, तेव्हापासून फक्त सुट्टीपुरता बाप. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली घेऊन ठेवलीय. "भाभी, पडदे कंच्या रंगाचे घेऊ?" अकरा वर्षं बिनपडद्याचा राहिला आणि आता रंगावर अडलाय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

हेर म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी असेल. कसलं काय! पहिल्या प्रकरणात इंग्रज साहेब, त्यांचे कुत्रे, आणि त्यांच्या हाताखाली आपले हिंदुस्तानी कारकून. बाजारात कोण काय बोलतं ते चहावाल्याने न्हाव्याला सांगायचं, न्हाव्याने अहमदला, अहमदने साहेबाला. साहेब त्यावर शिक्का मारणार आणि फाईल बांधून कपाटात. संप झाला की कपाट उघडायचं आणि ज्याची फाईल जाड तो आत. एका माणसावर नऊ वर्षं पाळत ठेवली, त्यातली शेवटची चार तो जिवंतच नव्हता. शेजारी रोज 'आज घरीच होता' एवढं सांगून सुटायचा. यावर हे देश राखणार! मी टाईप करता करता मोठ्याने हसले. म्हाताराही हसला.

"साहेब गेले, मग आमचे आले," म्हणाला. "खुर्ची तीच, कपाट तेच."

हे वाक्य बरं होतं. मी तसंच ठेवलं.

दर गुरुवारी त्याचा भाचा येतो. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा पायघोळ तोब, बुटांचा आवाज नाही. टाईप झालेली पानं 'तपासायला' घेऊन जातो. माझं टाईपिंग तपासणार हा! एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे सापडला तर मी नोकरी सोडीन.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तिसरं प्रकरण: माहिती कशी काढावी. म्हातारा याच्यावर भलताच खूश होता. लिहिलंय की प्रश्न कधी विचारू नये. प्रश्न आला की माणूस दार लावून घेतो. त्याच्यापुढे एखादी गोष्ट धडधडीत चुकीची सांगावी आणि गप्प बसावं. जो मार खाऊन बोलणार नाही, तोसुद्धा समोरच्याची चूक सुधारल्याशिवाय राहत नाही.

मी म्हटलं, "हज्जी, असल्या युक्तीला फसणारा माणूस किती मूर्ख असेल!"

"मूर्ख फारसे फसत नाहीत," तो म्हणाला. "शाळामास्तर, वकील आणि कारकून फसतात."

"आमच्या ऑफिसात तर कोणी फसलं नसतं."

"बँकेतले लोक हुशार असतात."

"बँक नव्हे, इन्शुरन्स. बावीस वर्षं."

"हां, इन्शुरन्स," म्हणाला आणि चहा मागवला. विसरभोळा झालाय. असल्यांच्या हाती एके काळी लोकांचे जीव होते, तोबा!

२३ सप्टेंबर, सोमवार

आज म्हाताऱ्याने अकलेचे तारे तोडले. म्हणे नईममध्ये तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळे मल्याळी. मी म्हटलं, कोणी सांगितलं? वर तीन मजले निम्म्याहून जास्त आपले कोकणातले, रत्नागिरीचे, रायगडचे. खाली ड्रायव्हर लोक, त्यांच्यात कैलास आणि त्याच्याच गॅरेजातला कोल्हापूरकडचा रावजी. मागच्या गल्लीत बासित टेलर, दापोलीचा, दोन महिने गावाला गेलाय. सगळं नीट सांगितलं. हा माणूस चाळीस वर्षं या गावावर नजर ठेवून होता आणि नईममध्ये कोण राहतं ते याला इन्शुरन्सवालीने सांगायचं!

मग म्हणाला, हिंदुस्तानी ड्रायव्हर लोक काय, खातात आणि झोपतात, इथल्या माणसांत मिसळत नाहीत. मला राहवेना. म्हटलं, तुम्हाला काय माहीत? आमच्या कैलासचा हात मोडला तेव्हा त्याच्या गॅरेजचा मेकॅनिक महमूद दोन दिवस हॉस्पिटलात बसून होता. डॉक्टरांचं अरबी त्यानेच समजावलं, सही त्यानेच केली. आता दर शुक्रवारी कैलास त्याच्या गावी जेवायला जातो. महमूदची आई त्याला पोरासारखं वाढते.

"अच्छा," म्हणाला. "मग मी चुकलो."

चूक कबूल करणारा पुरुष मी या वयात पहिल्यांदा पाहिला. घरी येऊन फारुखला सांगितलं, तर त्याचा घास हातातच राहिला. "तू त्याला नावं सांगितलीस?" म्हटलं, नावं सांगायला ही काय चोरी आहे? जेवला नाही मग. त्याला पित्त झालं असेल.

३० सप्टेंबर, सोमवार

पुस्तकात आता मोबाईलचा जमाना आलाय. म्हातारा म्हणतो, आता चहावाला नको आणि न्हावी नको, प्रत्येक सिम रेसिडेंट कार्डावर, एक माणूस एक सिम, कोण कोणाशी बोललं ते आपोआप कळतं. आणि म्हणे गरीब मजूर तर आपलं कार्ड कोणाच्या हाती देतच नाही.

मी हातच जोडले. म्हटलं, हज्जी, हे छापू नका, लोक हसतील. इथे आपली माणसं एकमेकांना सिम देतात जशी गावात वाटीभर साखर देतात. नव्याचं कार्ड आलेलं नसतं, कोणाचा व्हिसा अडकलेला असतो, मग दुसरा आपल्या कार्डावर काढून देतो. आपला कैलासच घ्या. महमूदने मागितलं, याने दिलं. हॉस्पिटलात बसलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? महमूदचा भाऊ तुरुंगात आहे, त्याच्याबरोबर आत असलेल्या पोरांची नावं तो मोबाईलवरून लोकांना पाठवतो, की अमक्याला भेटू दिलं, तमका आजारी आहे. असलं पाठवलेलं इथे चालत नाही, स्वतःच्या नंबरावरून कसा पाठवेल?

म्हाताऱ्याने वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाला, "उम्म मेहरीन, तू खात्यात असतीस तर आम्हाला अर्धी माणसं कमी लागली असती."

मी म्हटलं, तुमच्या अख्ख्या खात्याला दिसत नाही ते मला बाल्कनीतून कपडे वाळत घालताना दिसतं. खोटं काय त्यात?

६ ऑक्टोबर, रविवार

पाचवं प्रकरण टाईप केलं. म्हाताऱ्याने नमुना म्हणून आमचीच बिल्डिंग घेतलीय: 'नईममधील एक इमारत'. मनातून बरं वाटलं, पण लिहिलंय काय, तर चुकांचा उकिरडा! 'कैलाश, गुजराती ड्रायव्हर.' सिम 'उन्हाळ्यात' दिलं. महमूद 'पेंटर'. मी लाल पेन घेऊन बसले. कैलास, राजापूर, जिल्हा रत्नागिरी. सिम फेब्रुवारीत, कारण हात जानेवारीत मोडला होता. महमूद मेकॅनिक. गॅरेजचं नाव घातलं, रस्ता घातला. छापायच्या वेळी नावं बदलू म्हणाला. ते ठीक, पण आधी खरं तरी नीट लिहा.

गुरुवारपर्यंत थांबला नाही, भाचा आजच येऊन पानं घेऊन गेला. जाताना पहिल्यांदाच मला सलाम केला. कामाची कदर करणारं कोणीतरी आहे.

परत येताना कैलासने पडदे दाखवले. पोपटी! म्हटलं, अरे ही खोली आहे की पेरूचं झाड? तर लाजला. म्हणे श्रेयाने व्हिडिओवर निवडले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कैलासला नेलं.

सकाळी साडेसात वाजता साध्या कपड्यांतले चौघे आले. मी त्याची वाट बघत खालीच उभी होते. त्याने गाडीची किल्ली माझ्याकडे टाकायचा प्रयत्न केला, ती एकाने हवेतच धरली. "भाभी, मृणालीला सांगू नका, संध्याकाळपर्यंत येतो," म्हणाला. मूर्ख. त्यांच्याबरोबर गेलेला कोणी संध्याकाळी येतो का?

खोलीतल्या तिघांना विचारलं. रावजी नुसता थरथरत होता, बाकीचे दोघे त्याच्याकडेच बघत होते. गॅरेजमध्येही गेले होते म्हणे. महमूद तिथे नव्हता, कालपासूनच नाही.

सहा दिवसांवर विमान आहे. मृणालीने सकाळीच मेसेज पाठवलाय, भाभी, तिकडे कुळीथ मिळतात का, का घेऊन येऊ?

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस बुदैयाला गेले नाही, ताप आल्याचं कळवलं. आज दुपारी कपडे वाळत घालताना खाली पाहिलं. बासितच्या दुकानाचं शटर बंद, बाहेरून कुलूप, आणि मागचा एसी पाणी गाळतोय. बासित तर दापोलीत. दुकानाची चावी तो कैलासकडे ठेवून गेला होता, हे मला माहीत आहे. मागच्या दाराशी नानच्या दोन पिशव्या होत्या, थोड्या वेळाने एकच उरली.

तेव्हा कळलं महमूद कुठे आहे ते. आणि मग, उशिरा का होईना, बाकीचंही कळलं.

लॅपटॉप काढला, पाचवं प्रकरण उघडलं. नाव, गाव, महिना, गॅरेज, रस्ता. हे पुस्तक नव्हे. हा रिपोर्ट आहे, आणि मी तो लाल पेनाने तपासून, स्वच्छ टाईप करून, सलाम घेऊन दिला. तिसरं प्रकरणही माझ्याच हातचं. त्यात लिहिलेली ती युक्ती, जिला फसणारा माणूस किती मूर्ख असेल म्हणून मी हसले होते!

फारुखला सगळं सांगितलं. वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "आता जाऊ नकोस तिथे." एवढंच. मी म्हटलं, जाणार. फसवणाऱ्याला फसवता येतं, आणि मी काही त्या म्हाताऱ्याला भीत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज मी त्याला पुरती उल्लू बनवून आले.

गेले, टाईप करायला बसले, जसं काही झालंच नाही. कैलासचा विषय मीच काढला. म्हटलं, हज्जी, आमच्या ड्रायव्हरला नेलंय, गरीब आहे, उद्या बायको येतेय, तुमची ओळख असेल तर बघा.

"मी रिटायर्ड," म्हणाला. "पण ऐकलंय की तो तोंड उघडत नाही. सहा दिवस झाले, महमूद कुठे आहे ते सांगत नाही. विचित्र माणूस. त्याला म्हणे सोडतीलही, पण आधी मेकॅनिक मिळाला पाहिजे."

मी बोटं चालवत राहिले. मग त्याने आपलं सुरू केलं. म्हणे महमूद पुलावरून सौदीला गेला असणार. त्याची युक्ती मला आता माहीत होती, पण एकदम गप्प बसले असते तर संशय आला असता. म्हणून नेहमीसारखी तोडून बोलले, "कसा जाईल? पुलावर नाव असेल ना त्याचं." मग म्हणाला, सितरा बेटावर मच्छीमारांत लपला असेल. म्हटलं, काहीतरीच! त्याला होडीत उलट्या होतात, कैलासच सांगायचा. मग म्हणाला, गावात मावशीकडे. म्हटलं, गावात तर पहिलं तिथेच बघतील, तो काय खुळा आहे?

मग चहा ढवळत म्हणाला, "एक मात्र नक्की, नईममध्ये नाही. इतक्या गजबजाटात कोण लपेल?"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

अगदी सहज म्हटलं. आवाज हलला नाही, मान वर केली नाही. त्याने चमचा बशीत ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला. "उम्म मेहरीन," म्हणाला, "इतक्या दिवसांत तू मला एकदाही बरोबर म्हणाली नव्हतीस." मी म्हटलं, इतक्या दिवसांत तुम्ही एकदाही बरोबर बोललाच नाहीत. खूप हसला. स्वतः उठून दारापर्यंत सोडायला आला, आणि म्हणाला, पुस्तक आता संपल्यातच जमा आहे, तुला उद्यापासून यायची गरज नाही.

येताना टॅक्सीत मला हसू येत होतं. चाळीस वर्षं हेरगिरी केलेला माणूस, आणि चिपळूणच्या जुबैदाने त्याला गुंडाळलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. लिहिते, कारण नाही लिहिलं तर मी ते माझ्या सोयीचं करून टाकीन.

सोमवारी दुपारी बारा वाजता गल्ली दोन्हीकडून बंद केली. कुठे शोधलं नाही, कोणाला विचारलं नाही, सरळ बासितच्या दुकानाशी आले. शटर कापलं. मी बाल्कनीत होते. महमूद अंगातल्या बनियनवर, हात वर करून बाहेर आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा. इतका उजेड त्याला सहन होत नव्हता. त्याने वर पाहिलं नाही, आणि मला त्याचंच बरं वाटलं. किती हलकट मी!

'बरोबर आहे तुमचं.' चार शब्दही नाहीत. म्हाताऱ्याच्या पुढे मी रोज खोडून काढत होते, आणि जे खोडलं नाही ते त्याने उचललं. नईममध्ये दोन महिने बंद असलेलं दुकान कोणतं, तेही मीच सांगून ठेवलं होतं. याच्यासाठी त्याला खातं लागलं नाही, न्हावी लागला नाही, मोबाईलसुद्धा लागला नाही. मला वाटायचं या लोकांना अक्कल नाही. त्यांना तिची गरजच काय, आम्ही आमची नेऊन देतो ना.

त्याच दिवशी मृणाली आणि श्रेया मुंबईच्या विमानतळावरून परत गेल्या, व्हिसा रद्द. मंगळवारी कैलासला थेट विमानात बसवलं. खटला नाही, पण परत कधी यायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरची खोली मालकाने दुसऱ्याला दिली.

आज कैलासचा फोन आला, राजापुरातून. आवाज खरखरीत. मागे फटाके वाजत होते, पोरगी कोणाला तरी हाका मारत होती. मी बोलायच्या आधीच सुरू झाला. "भाभी, मी नाय सांगितलं हां. सात दिस इचारत व्हते, महमूद कुठे हाय ते मी नाय सांगितलं. त्यांना कसं गावलं काय म्हायती. पण आमाला कुणी विकला ते माला कळलाय. रावजी! त्याचंच काम ते. खोलीतल्या पोरांना मी फोनवर सांगितलाय, त्याला ठेवू नका. त्याचं गादी-सामान काल भाईर टाकलंनीत. गॅरेजातनंही काढतील त्याला. काढूदेत. तुमी त्याच्याशी बोलू नका, भाभी. तुमी साध्या हाव."

रावजीला मी आज जिन्याखाली पाहिलं होतं, गादीची गुंडाळी करून बसलेला. मला वाटलं, नेहमीची भांडणं असतील, ड्रायव्हर लोकांची. नाक मुरडून वर आले होते.

फारुख समोर बसला होता. कैलासचा आवाज त्यालाही ऐकू येत होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. बरोबरच होतं त्याचं. कोणाला कळलं नसतं. कैलास मला साधी समजूनच राहिला असता, आणि रावजी कुठेतरी दुसरीकडे राहिला असता.

मी म्हटलं, "चुकतोयस तू, कैलास. रावजी नव्हे. मी."

त्याला वाटलं लाईन खराब आहे. "काय म्हनलांव भाभी?" मी परत सांगितलं. त्याने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, मागे फटाके चालूच होते. शेवटी फोन मृणालीने घेतला. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "भाभी, ह्ये असे का बसले? काय झालं? मला सांगा ना."

मी तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं.